ऐकण्यापासून वाचण्यापर्यंत : महाराष्ट्रातील जैन स्त्रीशिक्षण आणि भाषेचा प्रश्न

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी आपल्या कन्यांना विद्यादान केल्याचा प्रसंग आहे. ब्राह्मीस अक्षरविद्या व सुंदरीस अंकविद्या प्रथम दिली आणि त्यानंतर भरतादी पुत्रांना निरनिराळी शास्त्रे शिकविली, असा तेथील क्रम आहे. जैन समाजात स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की हा प्रसंग हटकून सांगितला जातो, व तो सांगण्याजोगाही आहे. परंतु त्याच्या शेजारी १९०१ च्या जनगणनेचे आकडे ठेवले असता मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही. त्या गणनेत भारतातील जैन पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे साक्षर आढळले. त्या काळच्या मानाने हे प्रमाण फारच मोठे होते. जैन स्त्रियांमध्ये मात्र साक्षरता शेकडा दोनच्या आसपास होती. ज्या परंपरेत लिपी प्रथम कन्येच्या हाती दिली गेली, त्याच परंपरेतील शंभर स्त्रियांपैकी अठ्ठ्याण्णव जणींना आपले नावही लिहिता येत नव्हते.

या विरोधाचे कारण शोधू गेल्यास ते पुष्कळ अंशी व्यवहारात सापडते. समाज व्यापारी, जमाखर्च, हुंडी, वसुली यांवाचून त्याचे चालत नसे. मुलाने अक्षर गिरवावे ते खातेवहीसाठी. मुलीच्या हाती खातेवही यावयाची नव्हती, म्हणून तिच्या हाती पाटीही आली नाही. याचा अर्थ ती अज्ञानी होती असा मात्र नव्हे. णमोकार मंत्रापासून भक्तामर स्तोत्रापर्यंत, व्रतकथांपासून आरत्यांपर्यंत केवढा तरी ठेवा ती कंठात सांभाळीत असे. तिथी, पर्व, आहाराचे नियम, भक्ष्याभक्ष्याचा विवेक यांत घरातील शेवटचा शब्द तिचाच असे. तिचे ज्ञान श्रवणाचे होते. शास्त्रसभेत पंडित वाचीत आणि श्राविका ऐकत. जे ऐकले त्याचा अर्थ पंडित सांगतील तोच धरावयाचा, कारण पडताळून पाहण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते.

त्यातही भाषेची अडचण मोठी होती. आगमग्रंथ प्राकृतात, त्यांवरील टीका बहुधा संस्कृतात. सोलापूर, फलटण, करमाळा भागातील हुंबड कुटुंबांत घरची बोली गुजराती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यातील चतुर्थ व पंचम शेतकरी कुटुंबांत मराठी अथवा कानडी. नगर, नाशिक व खानदेशातील ओसवाल कुटुंबांत मारवाडी. विदर्भात कारंजासारख्या ठिकाणी बघेरवाल व इतर मंडळींची भाषा आणखी निराळ्या वळणाची. शाळा मराठी. अशा स्थितीत एखाद्या मुलीस धर्मग्रंथापर्यंत पोहोचावयाचे तर घरच्या बोलीतून शाळेच्या भाषेत, तेथून संस्कृतात आणि तेथून प्राकृतात असे तीन-चार उंबरे ओलांडावे लागत. मुलालाही हेच उंबरे होते. पण त्याला शाळेत जाण्याची परवानगी होती.

स्त्रीच्या लेखणीने काय घडू शकते याचे एक विलक्षण उदाहरण याच काळात कर्नाटकातील मूडबिद्री येथे घडले. त्याचा उल्लेख समाजात फारसा होत नाही. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्रीच्या बसदीत शतकानुशतके जपून ठेवलेली होती. लिपी जुनी कानडी. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे. वाचन कोणासच घडत नसे. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी यात्रेत ही ताडपत्रे पाहिली. ती जीर्ण होऊन नष्ट होतील या चिंतेने त्यांनी वर्गणी जमवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करविण्याचे काम सुरू केले. ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती उपाध्याय या विद्वानांकडे ते सोपविण्यात आले. ग्रंथ प्रचंड, लिपी अवघड. काम वर्षानुवर्षे चालले. आणि नकला तयार होऊनही त्या बाहेर नेण्यास तेथील व्यवस्थापकांची संमती नव्हती.

याच दरम्यान गजपती उपाध्यायांच्या घरी गुप्तपणे एक दुसरी, कानडी लिपीतील प्रत तयार होत होती. या कामात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा मोठा वाटा होता. हे ग्रंथ बंदिस्त न राहता त्यांचे पठन-पाठन व्हावे, ही त्यांचीच तळमळ होती, असे डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेच्या प्रस्तावनेत नमूद करून ठेविले आहे. ती प्रत पुढे सहारनपूरला गेली, तेथे तिचे नागरी लिप्यंतर झाले व त्यातून निघालेल्या प्रती ठिकठिकाणच्या शास्त्रभांडारांत पोहोचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड प्रकाशित केला. पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. आज कोणत्याही जिनमंदिराच्या कपाटात हे खंड दिसतात. त्यांच्या मुळाशी एका गृहिणीने रात्री-अपरात्री केलेले लेखन आहे. चोरून नक्कल करणे नीतीला धरून होते काय, असा प्रश्न त्या काळी विचारला गेला व तो गैर नव्हता. पण ज्ञान कुलुपात ठेवणे हे नीतीला धरून होते काय, हा प्रश्नही तेवढाच खरा होता.

हिराचंद नेमचंद यांचे दुसरे कार्य म्हणजे १८८४ मध्ये सोलापुरात सुरू केलेले 'जैन बोधक'. घरची बोली गुजराती असलेल्या या गृहस्थांनी नियतकालिकासाठी मराठी भाषा निवडली, ही गोष्ट थोडा वेळ थांबून पाहण्याजोगी आहे. मराठी ही शाळेची भाषा होती, बाजाराची होती, आणि हुंबड, सैतवाळ, चतुर्थ, पंचम अशा निरनिराळ्या जातींना एकत्र आणू शकेल अशी तीच एक भाषा होती. शिवाय ती काही परकी नव्हती. गुणदासांचे श्रेणिकचरित्र, गुणकीर्तींचे धर्मामृत अशा जुन्या मराठी जैन रचनांची परंपरा पाठीशी होतीच. फक्त ती हस्तलिखितांत निजलेली होती.

धर्मग्रंथ छापण्यास त्या काळी कडवा विरोध झाला. छापखान्यातील शाई, रूळ, हाताळणी यांमुळे शास्त्राची आशातना होते, असे अनेक श्रद्धाळूंना प्रामाणिकपणे वाटे. छापील ग्रंथ मंदिरात ठेवू न देण्याचे ठरावही काही ठिकाणी झाले. हा वाद आज विस्मृतीत गेला आहे, परंतु स्त्रीशिक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फार. हस्तलिखित पोथी ही मंदिराच्या भांडारात, पंडिताच्या ताब्यात असावयाची. छापील पुस्तक चार-सहा आण्यांना मिळे व ते घरी येई. घरी आलेले पुस्तक दुपारच्या वेळी कोणाच्या हाती पडेल यावर कोणाचे नियंत्रण राहत नसे. छपाईस विरोध करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही.

समाजातील संस्थात्मक शिक्षणाचा आरंभ मात्र मुलांपासूनच झाला. १८९९ मध्ये स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शेठ माणिकचंद यांच्या दानातून मुंबई व अन्यत्र जैन बोर्डिंगे उभी राहिली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या उत्तेजनाने जैन वसतिगृह चालू लागले. या बोर्डिंगांतून वकील, शिक्षक, मामलेदार, संस्थापक अशी एक पिढी बाहेर पडली. पुढे १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झालेले आण्णासाहेब लठ्ठे हे या चळवळीतील अग्रणी होते. श्वेतांबर समाजातही मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय याच काळात, आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने निघाले. या सर्व ठिकाणी राहण्याची सोय होती ती विद्यार्थ्यांची. विद्यार्थिनी हा शब्द अहवालांतून उशिरा येतो.

मुलींचे दार उघडले ते वैधव्याच्या दुःखातून. शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. वडिलांनी तिला कोपऱ्यात न बसविता शिक्षक ठेवून शिकविले. पित्याचे हे धैर्य थोर खरे. पण पुढील सर्व कार्य मगनबाईंचे स्वतःचे आहे व ते पित्याच्या खाती मांडण्याची जी सवय जुन्या चरित्रलेखनात दिसते, ती सोडून देणे बरे. सोलापूरच्या कंकुबाई व ललिताबाई या सहकारिणींसमवेत त्यांनी प्रथम अहमदाबाद व नंतर मुंबई येथे श्राविकाश्रम चालविला, १९१० च्या सुमारास दिगंबर जैन महिला परिषदेची उभारणी केली आणि गावोगाव हिंडून मुली मिळविल्या. मिळविल्या हाच शब्द योग्य, कारण त्या काळी मुलगी आश्रमात पाठविणे म्हणजे घराची अब्रू बाहेर टाकणे अशी समजूत होती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये व महर्षी कर्वे यांचे अनाथ बालिकाश्रमाचे कार्य १८९६ मध्ये सुरू झाले होते. त्यांचा आदर्श समोर होता. तथापि धर्मांतराची भीती व परक्या आहाराची शंका यांमुळे जैन पालक आपल्या मुली तेथे पाठविण्यास धजत नसत. आपलाच आश्रम, आपलाच स्वयंपाक, रात्रीभोजनाचा त्याग पाळणारे घर, एवढी हमी मिळाल्यावर कोठे काही दारे किलकिली झाली.

श्राविकाश्रम हुंबड व तत्सम व्यापारी ज्ञातींच्या पुढाकाराने का निघाले, चतुर्थ-पंचम शेतकरी समाजात ती गरज तितकी तीव्र का भासली नाही, याचे उत्तर समाजशास्त्र देते. मूळचे सोलापूरचे डॉ. विलास संगवे यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जैन समाजाच्या पाहणीत ज्ञातीनिहाय चालीरीतींची नोंद आहे. दक्षिणेकडील बहुतेक जैन ज्ञातींत विधवेच्या पुनर्विवाहास मोकळीक होती. उत्तरेकडून आलेल्या व्यापारी ज्ञातींत ती नव्हती. जेथे पुन्हा संसार मांडता येत होता तेथे बालविधवेचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. जेथे तो मार्ग बंद होता तेथे पंधरा-वीस वर्षांच्या मुलीपुढे पन्नास वर्षांचे रिकामे आयुष्य पसरलेले असे. त्या रिकामेपणात शिक्षणाचा शिरकाव झाला. मात्र याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शेतकरी ज्ञातीतील मुलीस पुनर्विवाहाची मोकळीक होती, पण तिच्यासाठी आश्रमही निघाला नाही व शाळाही बराच काळ दूर राहिली. स्वातंत्र्य एकीकडे आणि पुस्तक दुसरीकडे, अशी ही वाटणी झाली.

आश्रमांत काय शिकवावे याविषयीचे धोरणही भाषेशी निगडित होते. धार्मिक पाठ, शिवणकाम, हिशेब यांबरोबर मातृभाषेतील व हिंदीतील वाचन-लेखन, पुढे संस्कृत. हेतू असा की येथून शिकलेली स्त्री गावोगावच्या पाठशाळेत अध्यापिका व्हावी. स्त्रियांना शिकविण्यास स्त्री शिक्षिका मिळाली की पालकांचा अर्धा विरोध मावळे. पंडिताने पडद्याआडून सांगावे आणि श्राविकेने ऐकावे ही रीत अशा रीतीने आतून बदलली. शिकलेल्या विधवेस मानाचे स्थान मिळाले, चार पैसे मिळाले. पुनर्विवाहाच्या वादात मात्र हे आश्रम पडले नाहीत. वैराग्य व ब्रह्मचर्य हाच मार्ग त्यांनी दाखविला. आजच्या दृष्टीस ही मर्यादा वाटेल. परंतु त्या वादात उतरले असते तर आश्रमाचे दार दुसऱ्याच दिवशी बंद झाले असते, हेही तितकेच खरे.

शिक्षणाच्या या इतिहासात आणखी एक नाव घेणे आवश्यक आहे, यद्यपि ते शाळेत शिकविणाऱ्या स्त्रीचे नव्हे. कुंभोजचे सुपुत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उघडले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या. त्याच लक्ष्मीबाईंनी महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशा सर्व मुलांना एका पंक्तीत वाढले, आणि धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडावयास दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. मगनबाईही त्याच वर्षी गेल्या. एकीने मुलींना पुस्तक दिले. दुसरीने पुस्तक धरणाऱ्या मुलांना भाकरी दिली. समाजाच्या नोंदवहीत पहिली 'महिलारत्न' म्हणून राहिली, दुसरीचे नाव मात्र जैन संस्थांपेक्षा रयतेच्या शाळांतूनच अधिक घेतले जाते.

स्वातंत्र्यानंतर या कार्याचे केंद्र सोलापूर झाले. कंकुबाईंच्या प्रेरणेतून वाढलेल्या राजुलमती श्राविकाश्रमाची धुरा पंडिता सुमतीबाई शहा यांनी वाहिली. श्राविका संस्थेच्या परिसरात विद्यालये वाढत गेली आणि तेथे जैनेतर मुलीही मोठ्या संख्येने शिकू लागल्या. सुमतीबाईंचे आणखी एक कार्य पाहिले की मूडबिद्रीची आठवण होते. ज्या षट्खंडागमाची ताडपत्रे केवळ दर्शनापुरती होती, त्याच ग्रंथाच्या एका आवृत्तीच्या संपादिका म्हणून या सोलापूरच्या ब्रह्मचारिणीचे नाव छापले गेले. गजपती उपाध्यायांच्या घरी नक्कल झाली तेव्हा लक्ष्मीबाईंचे नाव कोठे घालावयाचे हा प्रश्नच नव्हता. दोन घटनांमध्ये साठ-सत्तर वर्षांचे अंतर आहे.

प्राकृत भाषेला शाळा-महाविद्यालयांत स्थान मिळाले ही दुसरी महत्त्वाची घटना. सदलगा गावी जन्मलेले डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवीत असत. प्रवचनसारादी ग्रंथांच्या त्यांच्या चिकित्सक आवृत्त्या जगभरच्या विद्वानांनी मानल्या. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेसही अर्धमागधी हा विषय घेता येऊ लागला. त्याकडे पुष्कळांनी गुण मिळवून देणारा सोपा विषय म्हणून पाहिले, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्यामुळे एक गोष्ट झाली : आठवीतील मुलीस, ती जैन असो वा नसो, आगमाची भाषा वर्गात बसून, व्याकरणासह, कोणाच्या कृपेवाचून शिकता आली. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने पुढे ही वाट अरुंद होत गेली. आजी भक्तामर पाठ म्हणते व अर्थ विचारला तर हसते, नात अर्थ इंग्रजीत वाचते व मूळ उच्चार चुकविते, असे दृश्य आज अनेक घरांत दिसते.

आता पुन्हा आकड्यांकडे वळावयास हवे. २००१ च्या जनगणनेत प्रथमच धर्मनिहाय तपशीलवार सामाजिक आकडे प्रसिद्ध झाले. जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के निघाली. तेव्हा देशातील सर्व स्त्रियांची सरासरी ५३.७ टक्के होती. शंभरात दोनवरून शंभरात नव्वदांवर हा प्रवास शंभर वर्षांत झाला. याचा अभिमान बाळगण्यास कोणाचा प्रत्यवाय नसावा. परंतु त्याच अहवालात आणखी दोन आकडे आहेत, ज्यांचा उच्चार समारंभांतून सहसा होत नाही. जैन स्त्रियांचा कामातील सहभाग केवळ ९.२ टक्के होता, सर्व प्रमुख धर्मसमुदायांत सर्वांत कमी. आणि शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८७०. देशाची सरासरी ९२७ होती. २०११ मध्ये हा आकडा ८८९ झाला, तेव्हाही देशाच्या ९१९ या सरासरीहून तो खालीच राहिला.

पहिल्या आकड्याविषयी असे म्हणता येईल की दुकानात, पेढीवर, घरगुती उद्योगात स्त्रिया जे काम करतात त्याची नोंद गणनेत होत नाही. हे काही अंशी खरे आहे. दुसऱ्या आकड्यास असे कोणतेही स्पष्टीकरण पुरे पडत नाही. मुंगीच्या जीवाची काळजी वाहणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या समाजात मुलींची संख्या का घटावी? संशोधक याकडे संपत्ती, लहान कुटुंब व तपासणी-यंत्रांची सहज उपलब्धता यांचा परिणाम म्हणून पाहतात. मगनबाईंनी ज्या मुली घरोघर जाऊन मिळविल्या, त्या निदान जन्माला आलेल्या होत्या. साक्षरतेने मुलीच्या हाती पुस्तक दिले. कुटुंबाच्या हिशेबात तिची किंमत बदलण्याचे काम साक्षरतेने आपोआप केले नाही. अवघ्या दहा वर्षांत ८७० वरून ८८९ पर्यंत झालेली वाढ लहान असली तरी ती दिशा दाखविते, आणि २०११ च्या गणनेत देशातील ४४,५१,७५३ जैनांपैकी १४,००,३४९ महाराष्ट्रात असल्याने या राज्यातील संस्थांवर या प्रश्नाचा भार अधिक आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र अलीकडे एक आशादायक वळण दिसते. पुण्याच्या सन्मती-तीर्थ संस्थेसारख्या ठिकाणी प्राकृत व जैनविद्येचे वर्ग चालतात आणि त्यांत संख्येने पुढे आहेत त्या गृहिणी. मुले मोठी झाल्यावर, दुपारची कामे आटोपून या स्त्रिया वही घेऊन येतात, विभक्तिप्रत्यय घोकतात, परीक्षा देतात. पाथर्डी येथील स्थानकवासी धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षांनाही साध्वींबरोबर श्राविका बसत आल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीसह प्राकृत भाषेस अभिजात दर्जा दिला. त्यानंतर शाळांतून प्राकृत पुन्हा कितपत शिकविले जाईल हे शिक्षक किती मिळतात यावर अवलंबून राहील. त्या दुपारच्या वर्गांत वही घेऊन बसलेल्या कित्येक जणींच्या पणज्या १९०१ च्या गणनेत निरक्षर म्हणून नोंदल्या गेल्या असतील. पणतीच्या हाती आता दशवैकालिकाची मूळ प्रत आहे, आणि अर्थ लावताना ती शिक्षिकेशी वाद घालते.